तेलावरची साय

तुमच्या गाडीच्या इंजिनातलं तेल फार थंड राहिलं म्हणून इंजिन खराब होऊ शकतं, असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर तुमचा विश्वास बसेल का?

माझा बसला नसता. मी छत्रपती संभाजीनगरची. इथं मार्च लागला की घरावरचे पत्रे कडकड वाजायला लागतात, एप्रिलात नळाचं पाणी अंगावर घेववत नाही आणि मे महिन्यात आम्ही एकमेकांशी फक्त उन्हाबद्दल बोलतो. बिघडणं म्हणजे तापणं, एवढंच इथल्या माणसाला ठाऊक. गाडी तापली, डोकं तापलं, पोर तापलं. थंड वस्तू वाईट असेल हे आमच्या मनातच येत नाही.

ज्यांच्याकडून मी हे शिकले ते मिस्त्री आमच्या घरामागच्या गल्लीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये इंजिनं बांधायचे. ‘बांधायचे’ हा त्यांचाच शब्द. नट ढिला झाला तर आवळून देतो तो मेकॅनिक. इंजिन पूर्ण उघडून, एकेक भाग धुऊन, घासून, मापून पुन्हा उभं करतो तो इंजिन बांधतो. हा फरक न समजणाऱ्या गिऱ्हाइकाला ते चहा पाजायचे आणि काम मात्र दुसरीकडं न्यायला सांगायचे.

गाडी दारात आली की बॉनेट उघडण्याआधी ते गुडघ्यावर बसत, हात गाडीखाली घालत आणि चेंबरला हाताची मागची बाजू लावत. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाचं भांडं, तेल त्यात साठतं. पोराचा ताप बघावा तसे डोळे मिटून काही क्षण थांबत. मग निकाल सांगत : “अजून जागं नाय झालं.” किंवा, “ताप हाय याला.”

“मिस्त्री, तळहात का नाही लावत?” मी एकदा विचारलं.

“तळहाताला आता काय कळतंय, माय? त्याचं चामडं झालं. मागचा हात अजून मानसाचा हाय.”

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा कामगार संघटनेत होते. मी अक्षरं ओळखायला शिकले ती ‘कामगार बंधूंनो’ या दोन शब्दांवर. आता ती पत्रकं मी लिहिते. नवं पत्रक छापून आलं की पहिली प्रत मिस्त्रींना. ते स्टुलावर बसून, कपाळावरचा चष्मा खाली ओढून, अगदी खालच्या छापखान्याच्या ओळीपर्यंत वाचायचे. एवढं वाचणारा दुसरा वाचक मला अजून मिळालेला नाही. वाचून झालं की कागदाला मागचा हात लावायचे आणि झटकन काढून घ्यायचे.

“आई गं! चटका बसला.”

“थट्टा करा तुम्ही. तिकडं चितेगावच्या कारखान्यांत माणसं बारा-बारा तास उभी असतात—”

“मला चितेगाव सांगून ऱ्हायली का, पत्रकबाई? अठरा वर्षं काढली मी तिथं.”

खरंच काढली होती. करमाडकडच्या शेतकरी घरातला हा माणूस चितेगावच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीला लागला. कारखाना बंद पडला. सोबतचे काही गावी परतले, काही वॉचमन झाले. मिस्त्रींनी शेड भाड्यानं घेतली. बंद कारखान्याबद्दल मी त्यांना कितीदा बोलतं करायचा प्रयत्न केला! माझ्या पत्रकाला तसा मजकूर हवा असायचा. ते बोलायचे, पण तिथल्या कॉम्प्रेसरबद्दल. तो किती गुणी होता, शेवटच्या दिवशीही कसा एका हाकेत सुरू झाला, वगैरे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : “पानी उतावळं, तेल खरं.” गाडीत पाण्याचं तापमान दाखवणारा काटा असतो, तो बघून आपण गाडी हाणतो. मिस्त्री म्हणायचे, “पान्याचं काय, चार मिनिटांत गरम होतं अन् म्हनतं, चला. तेल म्हनतं, थांब बाबा, मी अजून चप्पल घालून ऱ्हायलो.” माझी स्कूटी मी सकाळी सुरू करून लगेच दामटायचे, तेव्हा शेडमधून हाक यायची, “माय, त्याला चप्पल तर घालू दे!” गल्लीतल्या नव्या भाडेकरूंना वाटायचं, मी कुणाला तरी अनवाणी ओढून नेतेय.

आता गाडीबद्दल सांगते. आमच्याच भागात एक वकीलसाहेब राहतात. वय सत्तरीच्या आसपास, कपडे कडक इस्त्रीचे, मराठी त्याहून कडक. त्यांच्या घराण्यात आधी पौरोहित्य, मग कारकुनी. वेगाची हौस त्यांच्यापासून सुरू झाली. खुलताबादच्या एका गोदामात कित्येक वर्षं पडून असलेली जुनी विलायती स्पोर्ट्स कार त्यांनी मिळवली. लाल रंगाची, बिनछपराची, दोनच माणसांची. ट्रकवरून ती शेडसमोर उतरली तेव्हा बाजूच्या सीटवर एक कोंबडी बसलेली होती आणि उठायला तयार नव्हती.

मिस्त्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, “साहेब, इंजिनाचं नंतर बघू. आधी बाळंतीण उतरवा.”

ते इंजिन बांधायला वर्षाहून अधिक काळ लागला. काही भाग मिळत नव्हते, ते त्यांनी लेथवर स्वतः कातून घेतले. सुरुवातीलाच त्यांनी मला सांगितलं होतं, “हे शेवटचं. मापाच्या बारीक रेघा दिसंनात आता. हे बांधतो अन् मग निस्तं बसून तुझी पत्रकं वाचतो.” म्हणून त्या इंजिनाची त्यांना काळजी जरा जास्तच. नट आवळताना कुणी बोललं तर ते थांबायचे, तोंडानं नुसतं ‘च्’ करायचे आणि तो नट सोडवून पहिल्यापासून आवळायचे.

इंजिन सुरू झालं ते मे महिन्यात. या गाडीत तेलाच्या तापमानाचाही काटा होता. दौलताबादचा घाट चढताना तो एकशेतीसवर गेला आणि तेलाचा दाब उतरला. मिस्त्री परत आले ते गंभीर होऊन. “ताक झालं तेलाचं. एवढ्या पातळ तेलावर बेअरिंगं जगत नसत्यात.” मग त्यांनी ऑइल कूलर बसवायचं ठरवलं. छोट्या रेडिएटरसारखी जाळी असते ती. तेल तिच्यातून फिरतं, समोरून वारा लागतो, तेल निवतं. त्यांनी भंगारात शोधून चितेगावच्या एका यंत्राचा कूलर आणला. लागतो त्यापेक्षा चांगला दीडपट मोठा.

वकीलसाहेब वाचून आले होते. म्हणाले, “मिस्त्री, यासोबत एक झडप बसवतात म्हणे. तेल थंड असेल तेव्हा ते कूलरकडं जाऊच देत नाही. गरम झालं की वाट उघडते.”

“थंडीची झडप?” मिस्त्री हसले. “साहेब, हे काय काश्मीर हाय का?”

वकीलसाहेब हसले. मीही हसले. चाळिशी पार केलेल्या उन्हात आम्ही तिघं उभे होतो. थंड तेलाची काळजी कुणाला वाटणार? कूलर बसला, काटा शंभराच्या आत आला, आणि गाडी वकीलसाहेबांच्या बंगल्यावर गेली.

पावसाळा गेला, दिवाळी झाली, सकाळी तोंडातून वाफ यायला लागली. वकीलसाहेब रोज त्या गाडीतून कोर्टात जायचे. घर ते कोर्ट म्हणजे दहा मिनिटांचा रस्ता. तेलाचा काटा पन्नासच्या वर जाईना. याचं त्यांना कोण कौतुक! येता-जाता शेडसमोर थांबून सांगायचे, “बघा मिस्त्री, काटा कसा तळाला बसलाय. काय थंड इंजिन बांधलंत!”

आणि मिस्त्रीही हसून मान डोलवायचे. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्यांनीही डोलवली होती.

डिसेंबरात एके दिवशी वकीलसाहेबांनी आपल्या एका मित्राला इंजिन दाखवायला म्हणून तेलाचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरट, पिवळसर, दाट साय होती. दुधावर धरते तशी. गाडीवाल्या लोकांना या सायीचा एकच अर्थ शिकवलेला असतो : इंजिनाच्या हेडखालचं, पाणी आणि तेल वेगळं ठेवणारं पॅकिंग गेलं, रेडिएटरचं पाणी तेलात शिरलं. म्हणजे इंजिन उघडायचं. वकीलसाहेबांनी सायीचा फोटो काढून मोठ्या रस्त्यावरच्या एका चकचकीत वर्कशॉपला पाठवला. तिथून उत्तर आलं, इंजिन उघडावं लागेल. पुढं एक प्रश्नही आला : “बांधलं कुणी होतं?”

वकीलसाहेबांनी सोमवारी गाडी पाठवतो म्हणून कळवलं. मिस्त्रींना कळवलं नाही.

मिस्त्रींना हे स्पेअर पार्टच्या दुकानात कळलं. चार गिऱ्हाइकांसमोर काउंटरवरचा माणूस म्हणाला, “मिस्त्री, तुमचं विलायती इंजिन फुटलं म्हणे.”

मी शेडमध्ये गेले तेव्हा ते स्टुलावर बसले होते. हातात पाना होता, पण पुढ्यात काम नव्हतं.

“दुसऱ्याच्या पान्यानं नट उघडला की इंजिन माझं नाय ऱ्हात, माय,” ते म्हणाले. “मग त्यात काय निघंल ते माझ्या नावावर. अन् शेवटचं हाय ते.”

माझं टाळकं सणकलं. घरी गेले आणि एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा : ‘कारागिराच्या इज्जतीवर घाला!’ बंगल्यात राहणारी माणसं कारागिराला न विचारता त्याच्या कामाचा निकाल कसा लावतात, चकचकीत वर्कशॉपात हातमोजे घातले की माणूस तज्ज्ञ कसा होतो, असं बरंच काही त्यात होतं. तुम्हाला खरं सांगते, मला अजूनही त्यातलं एकेक वाक्य पटतं. संध्याकाळी कच्चा मसुदा घेऊन मी शेडमध्ये गेले.

मिस्त्रींनी चष्मा खाली ओढला. सावकाश वाचलं. या वेळी त्यांनी कागदाला हात लावून चटक्याचं नाटक केलं नाही. माझ्याकडं पेन मागितलं आणि ‘मिस्त्रींच्या कामात एक दोष दाखवा!’ या माझ्या वाक्याखाली वळणदार अक्षरात लिहिलं : ‘चूक मिस्त्रीची आहे.’

“हे काय लिहिलंत?”

“खरं लिहिलं.”

“पॅकिंग गेलंय? तुम्हीच लावलं होतं ना ते?”

“पॅकिंग साबूत हाय. गेलं नसंल. नव्वद टक्के.” ते उठले. कोपऱ्यात त्यांच्या दुपारच्या भाताचं पातेलं होतं, त्याचं झाकण उचलून त्यांनी माझ्यासमोर उलटं धरलं. आत थेंब होते. “हे पानी कुठून आलं? वरून वतलं का कोनी? वाफ व्हती, थंड झाकनाला लागली, पानी झालं. इंजिनात बी तसंच व्हतं, पेट्रोल जळलं की वाफ बनतीच. तेल नव्वदला गेलं की ती वाफ निघून जाती. आपलं तेल पन्नासच्या वर जाईना. दहा मिनिटांत कोर्ट. वाफ जाईल कुठं? आतच बसली. तेलासंगं घुसळली. साय झाली.”

“मग चूक वकीलसाहेबांची! गाडी नीट गरम होऊ देत नाहीत.”

“कूलर कोनी बसवला? मोठा कोनी आनला? झडप नको कोन म्हनलं? तू बी व्हतीस ना तिथं, दात काढून ऱ्हायली व्हतीस.” ते खाली बसले. “अन् काटा खाली दिसला की मी खुश. पोटात धस्स व्हायला पायजे व्हतं, तव्हा मी मान हलवली. मी मे महिन्याचं इंजिन बांधलं, माय. डिसेंबर इसरलो.”

आमच्या पत्रकांत कामगार कधी चुकत नाही. तो उपाशी असतो, थकलेला असतो, फसवला गेलेला असतो. पण चुकलेला नसतो. चुकलेल्या कामगाराची बाजू कशी मांडायची हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

“हे कबूल केलंत तर ते म्हणतील, बघा, आम्ही म्हणत होतो,” मी म्हणाले.

“म्हनू दे की. चुकलो तर चुकलो. पन माझी गलती मला दुरुस्त करू द्या, एवढं मागनं हाय का नाय माझ्या हक्काचं? ते लिही तुझ्या पत्रकात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला शर्ट घालून ते वकीलसाहेबांकडं निघाले. मी सोबत गेले. वकीलसाहेब व्हरांड्यात पेपर वाचत होते. आम्हाला बघून त्यांनी पेपर घडी करून ठेवला. समोरच्या पक्षकारानं काय बाजू मांडावी आणि ती कशी मोडावी, याची त्यांची तयारी झालेली दिसत होती.

“साहेब, गलती माझी हाय,” मिस्त्री उभ्या-उभ्याच म्हणाले.

वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पहिल्याच वाक्यात कबुली देणारा माणूस त्यांच्या धंद्यात फारसा भेटत नसावा.

“म्हणजे पॅकिंग गेलं हे तुम्हाला मान्य आहे.”

“नाय. एक इचारू का साहेब? दर सोमवारी रेडिएटरचं पानी बघा म्हनलो व्हतो. बघता ना?”

“न चुकता.”

“किती टाकावं लागलं आतापर्यंत?”

“थेंबसुद्धा नाही. काठोकाठ असतं.”

“मग तेलातलं पानी कोनाच्या घरचं? रेडिएटरचं तर जाग्यावर हाय.”

वकीलसाहेबांनी घडी केलेला पेपर बाजूला सरकवला. उलटतपासणी त्यांचीच चालली होती हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ओठाच्या कोपऱ्यात थोडं हसू आलं. मिस्त्रींनी मग वाफेचं, कूलरचं, झडपेचं सगळं सांगितलं. “काश्मीर हाय का” हे आपलं वाक्यही त्यांनी स्वतःच सांगितलं. वकीलसाहेब तोवर ते विसरले होते. मिस्त्रींनी आठवण दिली.

“बरं,” वकीलसाहेब शेवटी म्हणाले. “उद्या रविवार आहे. खुलताबादला जाऊन येऊ. तिथं झाकण उघडायचं. साय गेली असेल तर गाडी तुमच्याकडं. तशीच असेल, तर सोमवारी ती जिथं जायची तिथं जाईल. मान्य?”

“मान्य. पन आधी कूलरचं तोंड बांधावं लागंल. वारा लागायला नको त्याला.”

त्यासाठी काहीतरी सपाट आणि जाड हवं होतं. मिस्त्रींनी इकडं-तिकडं बघितलं. माझ्या स्कूटीवर छापखान्यातून आणलेला पत्रकांचा गठ्ठा होता. गठ्ठा वाकू नये म्हणून खाली-वर पुठ्ठे लावलेले असतात. त्यांनी वरचा पुठ्ठा ओढून काढला, मापात कापला आणि तारेनं कूलरसमोर बांधला. वर चिकटलेल्या पत्रकावरचं ‘जागे व्हा!’ गाडीच्या जाळीतून बाहेर डोकावत होतं.

“पहिल्यांदाच तुझ्या पत्रकाचं कोनी ऐकंल बघ,” मिस्त्री म्हणाले. “तेलाला सांगितलंय, जागं व्हा.”

रविवारी सकाळी आम्ही निघालो. ते दोघं गाडीत, मी मागून स्कूटीवर. वकीलसाहेबांना निघताना मिस्त्रींनी एकच सांगितलं होतं : पहिली दहा मिनिटं गाडी म्हातारीसारखी चालवा. आणि वकीलसाहेबांनी खरंच चालवली. सायकलवाले पुढं जाऊ लागले. छावणी मागं पडल्यावर मिस्त्रींनी हात वर करून पंजा पुढं झुलवला, तेव्हा गाडीचा आवाज बदलला आणि मला गाठणं अवघड होऊन बसलं.

दौलताबादच्या किल्ल्यापाशी घाट सुरू होतो. मी मागून मिस्त्रींची फक्त पाठ बघत होते. ती ताठ होती. वळण आलं तरी ती कुठं झुकत नव्हती. त्यांच्या मनातले ते दहा टक्के मला मागून दिसत होते. पॅकिंग खरंच गेलं असेल तर?

खुलताबादच्या वेशीच्या अलीकडं गाडी थांबली. मी पोहोचले तेव्हा वकीलसाहेब झाकणाकडं हात नेत होते.

“थांबा साहेब. पाच मिनिटं बसू द्या त्याला.”

रस्त्याकडेला एक बाई पाटीत पेरू घेऊन बसली होती. मिस्त्रींनी तीन पेरू घेतले, तिखट-मीठ लावून घेतलं, एक माझ्या हातात दिला, एक वकीलसाहेबांच्या. स्वतःचा नुसताच धरून उभे राहिले. वकीलसाहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. पेरूवाली म्हणाली, “बंद पडली व्हय?”

मग मिस्त्रींनी खिशातून फडकं काढलं आणि ते वकीलसाहेबांच्या हातात दिलं. “तुम्ही उघडा.”

झाकण फिरलं. बारीक वाफ वर आली आणि गार हवेत विरली. वकीलसाहेबांनी झाकण उलटं केलं. काठाला नखाएवढी ओल होती. बाकी सगळं स्वच्छ, तेलाचा पातळ सोनेरी थर. तेलाची पट्टी ओढली, तीही स्वच्छ. तेलाचा काटा पंच्याण्णववर होता.

वकीलसाहेबांनी झाकण घट्ट लावलं. फडक्याला हात पुसले. आणि मग ते, कडक इस्त्रीचे वकीलसाहेब, मिस्त्रींना म्हणाले, “आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, मिस्त्री. ती चूक माझी.”

मिस्त्री म्हणाले, “पेरू खा साहेब, काळा पडून ऱ्हायला.”

परतीच्या वाटेवर घाट उतरताना मी त्यांच्या मागेच होते. एका वळणानंतर मिस्त्रींची पाठ दिसेना. मी घाबरून स्कूटी पुढं काढली. ते सीटमध्ये खाली सरकले होते, मान एका बाजूला कलली होती, तोंड थोडं उघडं. बिनछपराच्या गाडीत, डिसेंबरच्या वाऱ्यात, आपल्याच इंजिनाच्या आवाजात ते गाढ झोपले होते. वकीलसाहेबांनी वेग कमी केला. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवू लागला. एरवी स्वतः हॉर्नवरून हात न उचलणाऱ्या वकीलसाहेबांनी हात बाहेर काढून त्याला नुसतं खुणावलं : जा पुढं, वाजवू नको.

गाडी मिस्त्रींच्याच शेडमध्ये आली. त्यांनी झडप बसवली, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या पान्यानं. रेघा दिसत नव्हत्या म्हणून माप वाचायला मी बसायचे. मी आकडा वाचायचे, ते हं म्हणायचे. स्पेअर पार्टच्या दुकानात त्या काउंटरवाल्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा मिस्त्रींनी चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, “माझी चूक व्हती. केली दुरुस्त.” त्यानंतर तिथं कुणी त्या इंजिनाचं नाव काढलं नाही.

माझं ते पत्रक छापलं गेलं नाही. छापायला नको होतं असं मी म्हणणार नाही. पण ते ज्याच्यासाठी लिहिलं त्याला मी निर्दोष ठरवायला निघाले होते आणि त्याला ते नको होतं. त्याला त्याचं काम परत हवं होतं, चुकीसकट. आम्ही न्याय मागतो तेव्हा एवढी साधी गोष्ट मागायला विसरतो.

मिस्त्री पुढच्या श्रावणात गेले. दुपारी जेवून शेडमध्ये पडले होते, तिथंच. लेक करमाडहून आली, तिनं अवजारं नेली. शेडमध्ये आता गाद्यांचं दुकान आहे. सकाळी मी स्कूटी सुरू करते, थोडी थांबते आणि निघते. मागून कुणी काही म्हणत नाही.

तुमच्याही घरात एखादं काम बिघडलेलं असेल. गळणारा नळ असेल, उसवलेला कोट, कुरकुरणारं दार, थांबलेली मोटर. दुसरा कुणी येऊन म्हणेल, “कुणी केलं होतं हे?” तेव्हा उत्तर देऊ नका. ज्यानं ते केलं त्याचा नंबर शोधा आणि आधी त्याला फोन लावा. ‘तुमचं काम बिघडलं’ असं म्हणू नका. ‘येऊन बघता का?’ एवढंच विचारा. आणि तो येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका.